डाव्या सीटवरची

१

राजापेठेतल्या घरापुढे खुशालरावांची नवी गाडी येऊन उभी राहिली, तेव्हा इंदू बाहेर बसली होती. म्हणजे चार दिवसांची. मागच्या खोलीत वेगळं अंथरूण, वेगळा तांब्या, आणि कशालाही हात लावायचा नाही. गाडीनं यायला नेमके हेच दिवस शोधावेत, याला काय म्हणावं! तिनं खिडकीच्या गजांना नाक लावलं आणि दिसेल तेवढी गाडी पाहून घेतली.

गाडी होतीच तशी. एकसष्ट सालच्या अमरावतीत मोटारी कमी नव्हत्या. पण त्या सगळ्या काळ्या, पोट सुटलेल्या शेठजींसारख्या. ही हिरवीगार, बसकी, लांब नाकाची. चाकांना तारा, मागे पाठीवर जादा चाक, बसायला दोनच जागा, आणि डोक्यावर छप्पर नाही. नागपूरच्या एका गिरणीचा गोरा मॅनेजर मायदेशी जाताना ती विकून गेला होता. सासूबाई गोदाबाई गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, "काहून रे बाप्पा, अर्धीच आणली काय? वरचं मंग कधी येणार हाय?" खुशालराव इतके हसले की समोरच्या किराणा दुकानातली माणसंही बाहेर आली.

पूजेला गुरुजी आले होते. त्यांनी विचारलं, "मंडळी कुठे आहेत?" गोदाबाईंनी डोळ्यांनीच मागच्या खोलीकडे खूण केली. यात अडण्यासारखं काही नव्हतं. बायको हजर नसली की तिच्या जागी सुपारी मांडायची आणि पूजा उरकायची, ही चाल जुनीच. बायकोची जागा डावीकडे, आणि या गाडीतली दुसरी सीटही डावीकडेच, हे पाहून तर गुरुजी खूशच झाले. त्यांनी सीटवर पोपटी खण अंथरला, वर सुपारी ठेवली, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि म्हणाले, "ह्या इंदूबाई."

खुशालराव वाकले. सुपारीकडे अगदी जवळून पाहत म्हणाले, "काय बाईसाहेब, भेव तं नाही ना वाटत?"

सगळे हसले. खिडकीत इंदूही हसली, पण हसता हसता तिला आत कुठंतरी टोचलं. लग्नाला सात वर्षं झाली, पण असं वाकून त्यांनी तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. खुशालराव वाईट नव्हते. हात उचलणं सोडाच, त्यांचा आवाजही कधी चढला नाही. फक्त त्यांची नजर आधी जिनिंगच्या यंत्रांवर होती, मग रेडिओवर, मग बंदुकीवर, आणि आता या गाडीवर. इंदूची नजर मात्र पहिल्या दिवसापासून त्यांच्यावरच होती. माणूसच तसा देखणा. त्यांनी साधा फेटा बांधला तरी ती दाराआडून पाहत राहायची.

२

अकोल्याच्या बाहेर लढाईच्या काळात विमानांसाठी केलेली एक धावपट्टी पडून होती. विमान कधीमधी यायचं, एरवी तिथं शेळ्या चरायच्या. खुशालरावांचे मित्र देवीदास यांनी परवानगी काढली आणि वऱ्हाडातल्या गाडीवाल्यांना बोलावणं धाडलं, की एका रविवारी या, पिंपं मांडून वळणं करू, आणि ज्याला जेवढी गाडी पळवायची तेवढी त्यानं पळवावी. शर्यत नाही, बक्षीस नाही, नुसती हौस.

"शेवटी घरच्या माणसायले बसवून एक एक फेरी हाय," खुशालराव जेवताना म्हणाले. "तवा तुले बसवतो."

गाडी येऊन दहा दिवस झाले होते आणि इंदू अजून तिच्यात बसली नव्हती. रोज संध्याकाळी ते एकटेच चक्कर मारून यायचे. तिनं विचारलंही नव्हतं. पण हे वाक्य ऐकल्यावर तिनं ट्रंकेतून गाडीच्या रंगाला शोभेल असं पोपटी पातळ काढलं, आणि रविवार येईपर्यंत मनातल्या मनात ती कितीदा तरी त्या डाव्या सीटवर बसून आली. तिला दुसरं काही नको होतं. एकदा त्यांच्या शेजारी बसायचं, आणि त्यांनी वळून आपल्याकडे पाहायचं. बस्स.

रविवारी सकाळी खुशालराव गाडी घेऊन पुढे गेले. इंदू देवीदासांच्या जीपमध्ये मागून निघाली. सोबत देवीदासांची बायको बेबीताई. दोघी चांदूर बाजारच्या, एका गल्लीत वाढलेल्या, म्हणून जीभ मोकळी. मूर्तिजापूरला चहाला थांबले, तेव्हा देवीदासांनी हॉटेलवाल्याला हिरव्या गाडीचं विचारलं.

"आत्ताच गेले ना ते," हॉटेलवाला म्हणाला. "दोन चहा मांगतले. बाई काही उतरल्या नाही. त्यायचा चहा तसाच हाय पाहा."

बाकावर एक भरलेला कप होता. वर साय धरली होती.

"कोणत्या बाई?" बेबीताईंनी विचारलं.

"तोंडावर पदर होता, धूळ लय ना. पोपटी पातळ." एवढं बोलून त्यानं इंदूकडे पाहिलं आणि तो गोंधळला. "अशेच," म्हणाला आणि आत गेला.

"काय वं इंदू, तुया माणसानं दुसरी गिसरी केली काय?" बेबीताई बोलून गेल्या, आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

इंदूनं मनाशी हिशेब लावला. हॉटेलवाल्यानं आपल्याला जीपमधून उतरताना पाहिलं, पातळ डोक्यात राहिलं, आणि त्यानं तेच तिकडे चिकटवलं. दुसरा चहा यांनी कुण्या वाटसरूसाठी मागवला असेल. हे सगळं पटण्यासारखं होतं. तरी जीपमध्ये बसताना तिनं आपल्या पातळाचा काठ मुठीत घट्ट धरला होता.

३

धावपट्टीवर जत्रा भरली होती. फिएट, जुन्या डॉज, जीपा, दोनचार फटफट्या. पण लोक होते ते सगळे हिरव्या गाडीभोवती. कुणी तिच्या तारांवरून बोट फिरवत होतं, कुणी दाराच्या बुटकेपणाला हसत होतं. मधोमध खुशालराव, गळ्यात रेशमी रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा. इंदू दोरीच्या अलीकडे उभी राहिली. तिचा ऊर भरून आला. असा नवरा शंभरात एक, तिला वाटलं, आणि वाटलं ते खोटंही नव्हतं.

निशाण दाखवायचं काम धर्मपाल ओव्हरसियरांकडे होतं. बांधकाम खात्यातला माणूस, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि नियम म्हणजे नियम. छप्पन साली नागपूरला जाऊन आल्यापासून त्यांनी घरातले देव, नारळ, सुपारी, सगळं बंद केलं होतं. भूतखेत हा शब्द काढला तरी ते हसायचे. अशा माणसानं हिरवी गाडी चुन्याच्या रेघेवर आल्यावर हात वर केला आणि म्हटलं, "खुशालराव, नियम सगळ्यायले सारखा. आत्ता एकटा माणूस. वहिनीले उतरवा."

लोक हसले. सीट रिकामी होती.

"धर्मपालजी, कोणाले उतरवू?" खुशालरावांनी विचारलं. पण ते हसत नव्हते. त्यांनी डाव्या सीटकडे एकदा पाहिलं, जसं माणूस परवानगी विचारताना पाहतो.

"मी इथं हाय, भाऊ," इंदू मागून म्हणाली.

धर्मपाल वळले. तिला पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं, मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. "माफ करा वहिनी. ऊन डोळ्यावर आलं असन." ऊन त्यांच्या पाठीमागे होतं.

त्यांनी निशाण खाली आणलं आणि गाडी सुटली.

४

खुशालरावांनी त्या दिवशी जी गाडी चालवली, ती पाहिलेली माणसं अजूनही अकोल्यात असतील आणि पानाच्या ठेल्यावर सांगत असतील. बाकीचे लोक वळणाआधी घाबरून ब्रेक दाबायचे, गाडी रडतखडत वळवायचे. हा माणूस वळणात शिरायचा ते गाणाऱ्यानं ताना घेत समेवर यावं तसा. इंजिनाचा आवाज चढायचा, एक क्षण थांबायचा, पुन्हा चढायचा. मागे लाल धुळीचा पट्टा. लांबच्या टोकाला गाडी पोचली की नुसता हिरवा ठिपका दिसायचा, आणि तो ठिपका वळून पुन्हा मोठा होत यायचा. इंदूनं दोन्ही हातांनी दोरी धरली होती. तिला टाळ्या वाजवायचंही सुचत नव्हतं.

दुसऱ्या का तिसऱ्या फेरीला तिला तो पदर दिसला.

लांबच्या वळणावर, गाडी आडवी झाली तेव्हा, डाव्या दारावरून काहीतरी पोपटी फडफडलं. खुशालरावांचा रुमाल असेल. पण रुमाल पांढरा होता. गाडी समोरून गेली तेव्हा सीट रिकामी. पुढच्या फेरीला लांबच्या टोकाला दोन डोकी. समोर आली की एक. उन्हाच्या झळांनी असं होतं, इंदूनं स्वतःला बजावलं. वैशाखात रस्त्यावर पाणी दिसतंच की. पण हा माघ होता, आणि हवा अजून थंड होती.

"काय ऐटीत बसली वं इंदू!" बेबीताई कौतुकानं म्हणाल्या, डोळ्यांवर हात धरून. मग त्यांचा हात खाली आला. त्यांनी शेजारी पाहिलं. "अवं... तू तं इथं हायस."

"मी इथंच हाय."

"हो ना," बेबीताई म्हणाल्या, आणि पाण्याचा लोटा तोंडाला लावला.

५

दुपारी जेवायची सुट्टी झाली. खुशालराव गाडी बाभळीच्या सावलीत लावून बॉनेट पुसत होते. इंदू भाकरीचं गाठोडं घेऊन जवळ गेली.

"लय सुंदर चालवली," ती म्हणाली.

"तुयामुळं," ते म्हणाले. नजर गाडीवरच. "त्या टोकाच्या वळणावर तूच तं म्हणाली, ब्रेक नका दाबू. मी नाही दाबला. कशी फिरली पाह्यलं ना! दुसरी असती तं किंचाळली असती."

"मी? मी तं दोरीजवळ उभी होती."

ते हसले. "लय गमत्या झाली तू." आणि हे बोलताना त्यांनी मान वळवली ती इंदूकडे नव्हे, डाव्या सीटकडे. आवाज एकदम मऊ झाला. "खरं सांगू? सात वर्ष घरात होती, पण मी तुले पाह्यलंच नव्हतं असं वाटते."

हे एक वाक्य ऐकायला इंदूनं सात वर्षं काढली होती. आता ते कानावर पडलं, पण ते तिला म्हटलेलं नव्हतं.

देवीदासांनी हाक मारली म्हणून खुशालराव तिकडे गेले. इंदू गाडीच्या डाव्या बाजूला आली. बुटक्या दारावरून आत वाकली. सीटची गादी मधोमध दबलेली होती, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी. तिनं हात ठेवला. ऊबदार होती. उन्हानं असेल, पण गाडी सावलीत होती. तिनं गादी आणि पाठ यांच्या फटीत बोटं घातली, आणि खण हाताला लागला.

पोपटी खण, आणि त्यात सुपारी. पंधरा दिवसांपूर्वीचं कुंकू अजून ओलं होतं, तिच्या बोटाला लागलं.

तिच्या सगळं ध्यानात आलं. पूजा झाली की अक्षता टाकून निरोप द्यायचा असतो, मग सुपारी हलवायची असते. गुरुजींना त्या दिवशी बडनेऱ्याला दुसरी पूजा होती, ते घाईनं उठले. आणि खुशालरावांना कधी एकदा गाडी सुरू करतो असं झालं होतं. कुणी निरोप दिलाच नाही. जिला बोलावून बसवलं, ती बसूनच राहिली.

आता इंदू काही भित्री नव्हती. चांदूर बाजारच्या घरात तिच्या आजोबांकडे पूजापाठाची रीत कडक, आणि ती तिला पाठ होती. तिनं इकडेतिकडे पाहिलं. फटीतले चार तांदूळ वेचले, डोक्यावरून पदर घेतला, आणि रीतीप्रमाणे जिच्या नावानं मांडली तिचं नाव घेऊन म्हणाली, "इंदूबाई, पूजा झाली. आता यावं." अक्षता वाहिल्या. सुपारी जागची हलवली, खणात बांधली आणि बाभळीच्या बुंध्याशी ठेवून दिली.

तिला एकदम हलकं वाटलं. इतकं की वाऱ्याची झुळूक आली तेव्हा तिनं गाडीच्या दाराला हात धरला.

६

"चला, आता घरच्या लोकायची फेरी!" देवीदासांनी भोंग्यातून पुकारलं. बायका लाजत, हसत, एकमेकींना ढकलत गाड्यांकडे निघाल्या. अकोल्याच्या एका डॉक्टरांच्या आई, साठी उलटलेल्या, जीपमध्ये पुढे बसल्या आणि म्हणाल्या, "हळू नको रे, जोरात."

इंदूनं पदर डोक्याभोवती घेऊन मागे गाठ मारली. सीट रिकामी होती, तिनंच ती रिकामी केली होती. हिरवी गाडी चुन्याच्या रेघेवर उभी होती आणि खुशालरावांनी आतूनच वाकून डावं दार उघडून धरलं होतं. ती चालू लागली.

"बसली! बसली पाहा!" मागून बेबीताईंचा आवाज आला. "आत्ता कशी शोभून राह्यली!"

इंदू अजून गाडीपर्यंत पोचली नव्हती.

दार बंद झालं. दारावर एक हात होता. हिरव्या बांगड्या, मधे सोन्याची पाटली, मनगटापाशी तव्याचा चटका बसून राहिलेला डाग, इंदूच्या मनगटावर होता तसाच. डोक्याभोवती पदर, मागे गाठ. चेहरा खुशालरावांकडे वळलेला होता, म्हणून इंदूला दिसला नाही. तिला खुशालरावांचा दिसला. ते पाहत होते. आजवर यंत्रांकडे, गाडीकडे, आभाळाकडे पाहतानाही त्यांचा चेहरा असा उजळला नव्हता. किती सुंदर दिसत होते ते!

"अहो!" ती ओरडली. "अहो, मी इथं हाय!"

निशाण खाली आलं. गाडी सुटली. इंदू धावत मागे आली आणि बेबीताईंचा दंड धरला. "बेबी, मी इथं हाय. पाह्य ना माह्याकडे!"

बेबीताईंनी दंड चोळला, डास चावल्यावर चोळतात तसा, आणि गाडीकडे पाहून दोन्ही हात हलवले. सकाळचा गोंधळ आता त्यांच्या चेहऱ्यावर राहिला नव्हता. आता त्यांना एकच इंदू दिसत होती.

फेरी झाली, टाळ्या झाल्या. हिरवी गाडी थांबली नाही. खुशालरावांनी सगळ्यांना हात केला आणि ती तशीच फाटकातून मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागली. देवीदासांनी जीप सुरू करताना विचारलं, "इंदूवहिनी?"

"ते कायले येते आता आपल्या जीपमधी!" बेबीताई हसल्या. "गेली नवऱ्यासंग."

इंदूनं जीपचा मागचा दांडा धरला होता. जीप हलली तेव्हा तिला ओढ बसली नाही, धक्काही नाही. दांडा हातातून निघून गेला.

७

ऊन कलायला लागलं. शेळ्या परत धावपट्टीवर आल्या. धर्मपाल ओव्हरसियर एकटेच मागे राहिले होते, पिंपं गोळा करून घेणं त्यांच्याकडे होतं. एक पिंप लोळवत ते बाभळीपाशी आले आणि थांबले. त्यांनी डोळे बारीक केले, चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"बाई," ते म्हणाले, "तुमी कोणासंग आल्या? सगळे तं गेले."

कुणीतरी आपल्याला पाहिलं, या एका गोष्टीनं इंदूला रडू फुटलं. "भाऊ, मी खुशालरावांच्या घरून..."

धर्मपाल गोंधळले. बोलणं मात्र सकाळसारखंच अदबीचं होतं. "त्यायच्या घरून तं वहिनी एकट्याच आल्या होत्या. सकाळीच बोललो मी त्यायच्याशी. आत्ता त्या खुशालरावांच्या बाजूले बसून गेल्या, मी सोताच निशाण दाखवलं. चेहरा वळखतो ना मी त्यायचा." त्यांनी तिच्याकडे नीट, पुन्हा पुन्हा पाहिलं. तिच्या कपाळाकडे, हातांकडे, पातळाकडे. त्यांच्या नजरेत ओळखीची एकही खूण नव्हती, नुसती काळजी होती. "अकोल्यातल्या असान तं मी पोचवून देतो. नाव काय तुमचं?"

इंदूनं तोंड उघडलं. नाव जिभेवर होतं, पण त्या नावाला दुपारी तिनंच निरोप दिला होता, आणि आता ते दुसरीचं होतं. त्या नावाची बाई या वेळेला मूर्तिजापूर ओलांडत असेल, पदर वाऱ्यावर सोडून, आणि तिचा नवरा रस्ता सोडून तिच्याकडे पाहत असेल. गोदाबाई दारात ओवाळायला उभ्या राहतील. तिनं डोळे पुसले. लांब रस्त्यावर अजून थोडी धूळ होती, आणि कान दिला तर आवाज होता, चढत जाणारा, कुठेही न अडखळणारा. धर्मपाल उत्तराची वाट पाहत होते.

"मी नुसती पाह्यले आली होती," ती म्हणाली. "लय सुंदर चालवतात ते."